माडीवरची पुस्तके

निवृत्तीनंतर वेळ कसा जातो, हा प्रश्न आम्हा निवृत्तांना जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा तब्येतीची चौकशीही होत नसेल. मुरुडच्या बाजारपेठेत कोणत्याही दुकानाच्या गादीवर क्षणभर टेकावे, चहा मागवला जातो आणि पाठोपाठ हा प्रश्न येतो. मी ‘वाचतो’ असे सांगितले की समोरचे गृहस्थ किंचित थांबतात, ‘चांगलं आहे’ म्हणतात आणि सोयाबीनच्या भावाकडे वळतात. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या व्यापारी घरांत वाचन म्हणजे एक तर धर्मकार्य, नाही तर परीक्षेची तयारी. या दोहोंच्या मधले, केवळ आनंदासाठी केलेले वाचन अजूनही थोडेसे रिकामपणाचे लक्षण समजले जाते. मी स्वतः छत्तीस वर्षे तसेच समजत होतो.

बँकेत अधिकारी असताना मी रोज वाचत होतो, पण काय वाचत होतो? परिपत्रके, कर्जप्रकरणांच्या फायली, तपासणी अहवाल. उदगीर, देगलूर, कंधार, निलंगा अशा बदल्या होत गेल्या. प्रत्येक गावी सामानात दहा-पंधरा पुस्तकांचे एक खोके जात असे आणि बांधलेल्या सुतळीसह पुढच्या गावी रवाना होत असे. रात्री पुस्तक हाती धरलेच, तर दहाव्या मिनिटाला ते छातीवर आडवे पडलेले असे. आमच्या सौ. ते उचलून ठेवीत आणि खूण कुठे घालायची ते न कळल्याने तशीच मिटून टाकीत. त्यामुळे काही पुस्तकांची पहिली वीस पाने मी सात-आठ वेळा वाचलेली आहेत.

निवृत्तीनंतर मी पहिला नियम घेतला तो दिवसाउजेडी जेवण्याचा. नोकरीत तो पाळता आला नव्हता. मार्चअखेरीस तर रात्रीचे बारा वाजत. आता पावणेसातच्या आत ताट उचलले जाते आणि मग झोपेपर्यंत तीन-साडेतीन तास समोर उभे राहतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांतील संध्याकाळ किती लांब असते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पूर्वी ती प्रतिक्रमण, स्वाध्याय आणि ओसरीवरच्या गप्पांनी भरून जाई. मी पहिली दोन वर्षे ती मोबाईलच्या हवाली केली. त्या दोन वर्षांचा जमाखर्च मांडण्यासारखा नाही.

यंदाच्या माघात पुतण्याचा फोन आला. “काका, दुकानाचं काम काढलंय. माडी रिकामी करायची आहे. तुम्ही एकदा बघून जा.” आमचे आडतीचे दुकान आजोबांपासूनचे. खाली गादी, मागे वखार आणि वर लाकडी जिन्याची माडी. मी पोहोचलो तेव्हा रद्दीवाल्याचा टेम्पो दारात उभा होता. त्यात लातूरहून आलेला माल अर्धाअधिक भरलेला होता. शिकवणी वर्गांच्या नोट्स आणि प्रवेश परीक्षांचे प्रश्नसंच होते, एकेका विद्यार्थ्याचे वीस-वीस किलो. ‘लातूर पॅटर्न’चे कौतुक आपण सारेच करतो आणि मीही करतो, पण तो कागद कोणी दुसऱ्यांदा उघडण्यासाठी ठेवत नाही, हे त्या टेम्पोकडे पाहून लक्षात आले.

माडीवर चार पत्र्याच्या पेट्या होत्या. “उंदीर झालेत, वर कोणी जात नाही. बारा रुपये किलोनं घेतो म्हणालाय,” पुतण्या म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. दुकान सांभाळतो, हमालांची दिवाळी वेळेवर करतो. त्या पेट्यांत काय आहे हे त्याला माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. अण्णांची म्हणजे आमच्या वडिलांची पुस्तके वर आहेत एवढेच ऐकून होतो. अण्णा जाऊन पस्तीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी त्या जिन्याची एक पायरीही चढलो नव्हतो.

बँकेची सवय म्हणून आधी मोजदाद केली. पुस्तके एकशे ब्याऐंशी भरली. त्यांतली एकवीस कसरीने खाल्लेली. ‘जैन बोधक’चे बांधून घेतलेले जुने अंक, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तके, हरिभाऊ आपटे, खांडेकर, ‘श्यामची आई’च्या दोन प्रती. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर अण्णांच्या मोडीवळणाच्या देवनागरीत एक ओळ लिहिलेली होती. पुस्तक वाचून संपल्याची तिथी, त्या दिवशीचा तुरीचा भाव आणि ‘पाऊस’ किंवा ‘पाऊस नाही’. बाकी काही नाही. पुस्तक आवडले की नाही, याबद्दल एक शब्दही नाही. आडत्याला दिवसाची आठवण भावाने राहते, तशी त्यांनी ती ठेवली असावी.

टेम्पो मी परत पाठवला. पुतण्या हसला, पण पेट्या माझ्या घरी पोहोचवण्यासाठी दोन हमाल त्यानेच दिले.

अण्णांचे वाचन हा आमच्या घरातला न बोलला गेलेला विषय होता. त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले. हैदराबाद संस्थानात राज्यकारभार उर्दूतून चाले आणि वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतून. मराठी ते घरी आणि मंदिरातल्या पाठशाळेत शिकले. शाळेने न दिलेली भाषा माणूस जपून वापरतो, तसे त्यांचे मराठी होते. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, त्यानंतर मराठी पुस्तके उघडपणे आणि पुष्कळ मिळू लागली. बार्शीच्या बाजारात ते मालाच्या व्यवहारासाठी जात. बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली गाडी, जी १९११ साली लातूरपर्यंत आली, ती त्या वेळी या भागाची जीवनवाहिनी होती. परत येताना धोतराच्या सोग्यात गुंडाळलेले एखादे पुस्तक त्यांच्याजवळ असे. आईला ते उधळपट्टी वाटे. तिने तक्रार कधी केली नाही; फक्त पुस्तक आले त्या दिवशी भाजीत तेल कमी पडे, असे थोरले बंधू सांगतात. त्यात तथ्य किती ते देव जाणे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ज्यांना छापील पुस्तक ही जुनाट वस्तू वाटते त्यांना हे सांगणे आवश्यक आहे. आपल्या समाजात छापील पुस्तक एके काळी आजच्या मोबाईलइतकेच संशयास्पद होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जैन शास्त्रे छापावीत की नाही, यावर मोठा वाद झाला. छापखान्यात कोण हात लावतो, शाईत काय असते, जिनवाणी बाजारात विकायला मांडणे हा अविनय नव्हे काय, असे प्रश्न विचारले गेले. शास्त्र हाताने उतरवायचे, वेष्टनात बांधायचे आणि श्रुतपंचमीला बाहेर काढून पूजायचे ही रीत. तिच्याविरुद्ध जाऊन छपाईचा आग्रह धरणाऱ्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी होते. त्यांनी १८८४च्या सुमारास ‘जैन बोधक’ सुरू केले. ते व्यापारी होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

षट्खंडागमाची कथा तर आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. त्यावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीला होती. दर्शन घेता येई, वाचता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलिपीचे काम सुरू झाले आणि ते अनेक वर्षे चालले. शेवटी त्याचा पहिला छापील खंड १९३९ साली निघाला तो आपल्या विदर्भातील अमरावतीहून. डॉ. हीरालाल जैन तेथे महाविद्यालयात प्राध्यापक होते. पैसा विदिशेच्या एका शेठजींच्या दानातून उभा राहिला. पुढे दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले. ज्या ग्रंथापुढे पिढ्यान्‌पिढ्या केवळ हात जोडले गेले, तो घरी आणून कोणालाही पान उलटता येऊ लागले. अण्णांच्या पेटीत त्याचा एकच सुटा खंड आहे. त्याच्या शेवटच्या पानावर मात्र भाव लिहिलेला नाही. तो संपला नाही की संपल्यावर तसे लिहिणे त्यांना अविनयाचे वाटले, हे मला सांगता येत नाही.

आता डोळ्यांबद्दल. उतारवयात वाचनाचा पहिला शत्रू आळस नसून डोळे असतात. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. म्हणूनच आपल्या भाषेने त्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नेमके नाव दिले. त्यापुढे मोतीबिंदू. माझ्या उजव्या डोळ्याचा तीन वर्षांपूर्वी काढला, डाव्याचा गेल्या वर्षी. पहिली पट्टी निघाली तेव्हा भिंतीचा रंग पिवळट नसून पांढरा आहे, हे पाहून मी चकित झालो होतो. शस्त्रक्रियेनंतरही वाचनासाठी बहुधा चष्मा लागतोच, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे निराशा होत नाही. पाठीमागून, खांद्यावरून येणारा दिवा, मांडीवर उशी आणि उशीवर पुस्तक, एवढी व्यवस्था पुरते. कसरीसाठी मी पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने आणि वेखंडाचे तुकडे ठेवतो. विषारी गोळ्यांपेक्षा हे बरे. कसर जातेही आणि आपल्या हातून मरतही नाही.

मोबाईलवर पुस्तके मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे माझा पुण्यातील मुलगा विचारतो. त्याने मला एक वाचनयंत्र आणून दिले आहे. अक्षर मोठे करता येते हा त्याचा गुण मी नाकारत नाही. डोळे फारच अधू असतील तर तेच घ्यावे. परंतु २०१८ साली स्पेन आणि इस्रायलमधील संशोधकांनी चोपन्न अभ्यासांचा, सुमारे एक लाख सत्तर हजार वाचकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक समजतो, असे त्यात आढळले. घाई असेल तर हा फरक वाढतो. कथा-कादंबऱ्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझे स्वतःचे कारण साधे आहे. पडद्यावर मी कुठवर आलो ते टक्क्यांत कळते. पुस्तकात ते उजव्या हाताच्या अंगठ्याला कळते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी उरलेल्या पानांची जाडी हाताला लागणे मला आवडते.

पेट्या घरी आल्यावर मी पुस्तके एकेक करून पुसत होतो, तेव्हा इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ हाती आले. १९६७ साली निघालेले आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले हे पुस्तक. महाभारतातील एकेका व्यक्तीवर एकेक लेख. ह्याच्या शेवटच्या पानावर काहीच नव्हते. मध्ये मात्र आमच्या दुकानाची एक कोरी हिशेबपट्टी खूण म्हणून घातलेली होती. ती ‘मयसभा’ या लेखाच्या आरंभी होती. कागद पिवळा पडून तिच्या कडेची रेघ पानावर उमटली होती. म्हणजे ती तेथे फार वर्षे होती.

मी तो लेख त्याच रात्री वाचला. खांडववन जाळताना त्यातील पशू, पक्षी, नाग कसे कोंडून मारले गेले, हे इरावतीबाई कोठेही आडपडदा न ठेवता मांडतात. माझी समजूत झाली की अण्णांसारख्या, दिवा लावतानाही किडा-मुंगी पाहणाऱ्या माणसाला ते पुढे वाचवले नसेल. समजूत अगदी चपखल होती. दुसऱ्या दिवशी ती दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना सांगायला गेलो.

दादा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. दुकान पन्नास वर्षे त्यांनी चालवले. काचबिंदूने दृष्टी हळूहळू गेली. आता उजेड-अंधार आणि माणसांच्या आकृती तेवढ्या कळतात. मी पुस्तक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते चाचपले, पाठीची शिवण बोटाने पाहिली आणि म्हणाले, “हे मी आणलं होतं लातूरहून.”

ते सांगत गेले ते मला, त्यांच्या सख्ख्या भावाला, ठाऊक नव्हते. १९७२ साली दादा लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मी शाळेत. शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ते पुस्तक अण्णांसाठी घेतले होते. त्या वर्षी पाऊस गेला. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे, रोजगार हमीची सुरुवात, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. आडतीला माल येईना. शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकली. मुनीम सोडून गेला. दिवाळीनंतर दादा ट्रंक घेऊन मुरुडला आले ते परत गेलेच नाहीत.

“मी आलो तेव्हा अण्णा गादीवर हेच वाचत बसले होते,” दादा म्हणाले. “ट्रंक बघितली. काही बोलले नाहीत. समोरची पट्टी पुस्तकात घातली आणि वर ठेवून दिलं. नंतर त्यांनी दुसरी पुस्तकं वाचली, हे नाही वाचलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “मी पण नाही वाचलं. वेळ कुठं होता?”

पुढे पाऊस आला, दुकान सावरले, आणि मी लातूरला वाणिज्य शाखेत गेलो. एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. फी दादा भरत. त्या फीचा उल्लेख आमच्या घरात कधी झाला नाही, जसा त्या पुस्तकाचाही झाला नाही. छत्तीस वर्षे मी लोकांची खाती तपासली आणि हे एक खाते माझ्या नजरेतून सुटले होते. त्या दुपारी मला एवढेच सुचले, “दादा, मी वाचू का?”

“आता कशाला?” ते म्हणाले. मग म्हणाले, “वाच. पहिल्यापासून वाच. पट्टीपासून नको.”

तेव्हापासून संध्याकाळी जेवण उरकून मी त्यांच्या ओसरीवर जातो. मोठ्याने वाचणे हे निराळेच काम आहे, हे मला साठीनंतर कळले. मनात वाचताना आपण अर्धी वाक्ये गिळतो. मोठ्याने वाचताना एकही गिळता येत नाही. दहा-बारा पानांनंतर घसा सुकतो. स्वाध्यायाचे जे पाच प्रकार आपण सांगतो, वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश, त्यांतल्या पृच्छनेत दादा फार तयार आहेत. गांधारीने डोळ्यांना पट्टी बांधली, यावर त्यांनी मला चार दिवस पुढे जाऊ दिले नाही. “दिसत असताना बांधणं सोपं असतं,” हे त्यांचे म्हणणे. ‘मयसभा’ आली तेव्हा ते गप्प ऐकत होते. संपल्यावर विचारले, “अण्णा इथपर्यंत आले होते ना?” मी हो म्हणालो. पट्टी आम्ही काढली नाही; वाचून झालेल्या पानांत ती जशीच्या तशी आहे.

हळूहळू ओसरीवर आणखी दोघे-तिघे येऊन बसू लागले. शेजारचे किराणा दुकानदार आहेत, एक निवृत्त शिक्षक आहेत. सुनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकतात आणि कुकरची शिटी झाली की नाइलाजाने जातात. लहान मुलांचे दूध-पाणी त्यांना चुकत नाही. पुतण्या एकदोनदा आला, मोबाईल खिशात ठेवून बसला. त्याला कर्ण आवडला. व्यापाऱ्याला उधारी न ठेवणारा माणूस आवडतोच.

दुबार प्रती आणि काही कादंबऱ्या मी गावातल्या वाचनालयाला दिल्या. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते. गावोगावी अशी हजारो वाचनालये आहेत आणि त्यांची वर्गणी आपल्या एका दिवसाच्या चहापाण्याहून जास्त नसते. तरीही आपल्या पेठेतील किती घरांत त्याचे सभासदत्व आहे, हे मी विचारायला गेलो आणि न विचारताच परत आलो.

‘युगान्त’ आषाढात संपले. शेवटचे पान वाचले तेव्हा बाहेर अंधारून आले होते आणि पत्र्यावर थेंब वाजू लागले होते. मी पुस्तक उघडेच धरून बसलो. दादा म्हणाले, “पेन आहे का?”

तिथी मी लिहिली. पुतण्याला हाक मारून तुरीचा भाव विचारला. त्याने मोबाईलवर पाहून लातूर बाजार समितीचा सांगितला, तो लिहिला.

“पुढचं लिही,” दादा म्हणाले. “पाऊस.”

उद्यापासून नरहर कुरुंदकरांचे ‘व्यासांचे शिल्प’ सुरू करायचे आहे. दादांनी तरुणपणी नांदेडच्या या प्राचार्यांचे व्याख्यान ऐकले होते. तेव्हा त्यांचा आवाज कसा होता, हे ते मला वाचताना मध्येमध्ये थांबवून सांगणार आहेत.